पडदा चिखलीत, यंत्र पुण्यात

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे ठिकाण पुण्यापासून सरळ रेषेने मोजले तरी सव्वातीनशे किलोमीटरांच्या घरात पडते, आणि सडकेने जाणाऱ्याला तर त्याहून पुष्कळच अधिक वाट तुडवावी लागते. असे असता या गावी बसलेल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या साध्या, काही वर्षे वापरलेल्या विंडोज संगणकावर एक लहानशी आज्ञावली सुरू करावी, आणि पुण्यातील एखाद्या संस्थेत चालू असलेल्या लिनक्स यंत्राचा अवघा डेस्कटॉप, त्यावरील खिडक्या, आलेख व अर्धवट राहिलेले लेखन यांसह, त्याच्या पुढ्यात मांडला जावा, ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाही. नवल राहिले नाही म्हणून तिच्यातील कारागिरीकडेही आपले लक्ष जात नाही. दूरच्या यंत्राचे सामर्थ्य सर्वांना दिसते. परंतु ते सामर्थ्य ज्या आज्ञावलीच्या द्वारे आपल्या हाती येते, जिला व्यवहारात क्लायंट म्हणतात, आणि जी विंडोज, मॅकओएस, लिनक्स व अँड्रॉइड अशा परस्परांशी न जुळणाऱ्या प्रणालींवर सारखीच चालावी अशी आपली अपेक्षा असते, तिची घडण कशी होते याचा विचार क्वचितच केला जातो. तो येथे करावयाचा आहे.

अशा आज्ञावलीची गरज कोणाला पडते, हे प्रथम पाहू. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, त्या उद्योगाचे धुरीण डॉ. विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे, म्हणजे चिखलीच्या शेजारच्याच वऱ्हाडी मुलखातले. त्या परंपरेतील पुढची यंत्रे २०१५ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून उभी राहिली: पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक पुणे जिल्ह्यातील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, कामासाठी योजले गेले. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील एकूण एक यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. अशी यंत्रे थंड, बंदिस्त दालनांत असतात. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून कोणी काम करीत नाही. म्हणून यंत्रापासून दोन मजले वर बसणारा संशोधक आणि चिखलीत बसणारा विद्यार्थी हे दोघेही एकाच अर्थाने दूरस्थ असतात. फरक असतो तो अंतराचा, तारेच्या रुंदीचा आणि विजेच्या भरवशाचा.

क्लायंट घडविणाऱ्याच्या पुढचा मूळ प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. पडद्यावर ‘क’ हे अक्षर उमटते त्यामागे क्रमाक्रमाने अनेक क्रिया होतात: बोट कळ दाबते, कळीचे अक्षर होते, लेखनाची आज्ञावली ते अक्षर मजकुरात घालते, मजकुराला आकार देणारी यंत्रणा जोडाक्षरे व मात्रा जुळविते, त्या आकारांचे रंगीत बिंदू बनतात, आणि ते बिंदू पडद्यावर उजळतात. संगणक एकच असेल तेव्हा ही साखळी अखंड असते. पडदा आणि यंत्र एकमेकांपासून दूर गेले की साखळी कोठेतरी तोडावी लागते आणि त्या तुटीतून तार न्यावी लागते. ती कोठे तोडावी, कोणते काम तिकडे ठेवावे आणि कोणते इकडे आणावे, याविषयीच्या निरनिराळ्या निर्णयांचा इतिहास म्हणजेच दूरस्थ डेस्कटॉपचा इतिहास होय.

पहिला मोठा निर्णय अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. तेथील ‘अथेना’ प्रकल्पात १९८४ साली रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली निर्माण केली, आणि १९८७ मध्ये निघालेली तिची अकरावी आवृत्ती पुढे कित्येक दशके लिनक्सच्या डेस्कटॉपचा पाया होऊन राहिली. एक्सने साखळी चित्र काढण्याच्या आज्ञेपाशी तोडली. दूरच्या यंत्रातील आज्ञावली केवळ हुकूम धाडते, की अमुक ठिकाणी रेघ ओढा, तमुक ठिकाणी आयत भरा, येथे हे अक्षर लिहा; आणि प्रत्यक्ष रंगविण्याचे काम पाहणाऱ्याच्या समोरचे यंत्र करते. हुकूम थोड्या शब्दांत मावतो म्हणून तारेवर भार कमी पडतो, हा या योजनेचा मोठा गुण.

परंतु या वाटणीत अक्षरांचे टंक पाहणाऱ्याच्या यंत्रात असावे लागत, आणि त्या जुन्या व्यवस्थेत एक संकेत म्हणजे एक ठरलेला आकार, असा शिरस्ता होता. रोमन लिपीचे त्यात भागे. देवनागरीत मात्र ‘कि’ मधील वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी बसते, ‘र’ कधी माथ्यावर चढतो व कधी पायाशी उतरतो, आणि ‘क्ष’ मध्ये तीन संकेतांचा मिळून एक आकार होतो. तेव्हा ही लिपी त्या शिरस्त्यात मावणे शक्यच नव्हते. पुढे कीथ पॅकार्ड यांच्या पुढाकाराने एक्सला ‘रेंडर’ ही पुरवणी जोडली गेली तेव्हा ही अडचण बहुतांशी दूर झाली. अक्षरांची जुळणी आता आज्ञावलीच्या बाजूला होऊ लागली. तयार झालेला आकार एकदा पाहणाऱ्याच्या यंत्राकडे पाठवायचा, तेथे त्याला क्रमांक द्यायचा, आणि पुढे तोच आकार हवा असेल तेव्हा केवळ क्रमांक कळवायचा, अशी तजवीज झाली. टंकही त्याच बाजूला गेले. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेला आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसृत केलेला ‘लोहित’ टंक दूरच्या लिनक्स यंत्रात असला, की चिखलीतील संगणकात मराठीचा एकही टंक नसताना तेथे शुद्ध देवनागरी वाचता येते.

एक्सचा खरा दोष अन्यत्र होता. त्याच्या संभाषणात प्रश्नोत्तरे फार. आज्ञावली विचारी, अमुक नावाचा क्रमांक काय. उत्तर येईपर्यंत ती थांबून राही. मग दुसरा प्रश्न. एकाच इमारतीत हे खपून जाते. पण काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. चिखली ते पुणे तार वळणे घेत पाचशे किलोमीटरांची झाली असे धरले, तर केवळ प्रवासापोटी जाऊन येऊन पाच मिलिसेकंद लागतात, आणि वाटेतील यंत्रे व गावातील शेवटचा टप्पा त्यात आपली भर घालतात. यंत्र युरोपात असेल तर हा आकडा शंभराच्या पुढे जातो. एखादी आज्ञावली सुरू होताना पाचशे प्रश्न एकामागून एक विचारीत असेल आणि प्रत्येक फेरीला दोनशे मिलिसेकंद लागत असतील, तर तिची खिडकी उघडण्यास शंभर सेकंद लागतील. आणि तार कितीही रुंद केली तरी त्यातला एक सेकंदही कमी होणार नाही. तारेची रुंदी आणि फेरीचा विलंब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, ही समज या क्षेत्रातील अर्धी विद्या आहे.

दुसरा निर्णय इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत झाला आणि १९९८ च्या सुमारास ‘व्हीएनसी’ या नावाने जगापुढे आला. त्याने साखळी अगदी टोकाला, रंगीत बिंदूंपाशी तोडली. सारे चित्र दूरच्या यंत्रातच पूर्ण करायचे आणि त्यातील बदललेला भाग तेवढा उचलून धाडायचा; पाहणाऱ्याच्या यंत्राने आलेले बिंदू मांडावे, आणि कळफलक व माऊस यांच्या हालचाली परत कळवाव्या, याहून अधिक काही करू नये. क्लायंट लिहिणाऱ्याला याहून सोपी वाटणी मिळणे कठीण. या पद्धतीची नियमावली लहान असून २०११ मध्ये ती सार्वजनिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्धही झाली, आणि त्यामुळे व्हीएनसीचे क्लायंट बहुतेक प्रत्येक प्रणालीसाठी लिहिले गेले.

या सोपेपणाची किंमत आकड्यांत मोजता येते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा, प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट झाले. सेकंदाला अशी तीस चित्रे धाडायची तर सुमारे दोन गिगाबिट रुंदीची तार हवी. ती सहसा कोणाच्या घरी नसते. म्हणून बदललेले भाग निवडणे, एकरंगी पट्टे एका शब्दात सांगणे, खिडकी सरकली तर ‘हाच तुकडा तेथे न्या’ एवढेच कळविणे, छायाचित्रासारखा भाग गुणवत्ता थोडी सोडून दाबणे, अशा नाना युक्त्या रूढ झाल्या. यांपैकी शेवटची युक्ती मराठी वाचकाच्या डोळ्यांना बाधते. छायाचित्रासाठी योजलेले संपीडन बारीक रेषांच्या कडा विटवते, आणि देवनागरीचा बराचसा अर्थ बारीक रेषांतच असतो: शिरोरेषा फिकट होते, अनुस्वाराचा ठिपका तिच्यात मिसळतो, आणि ‘घ’ व ‘ध’ यांत भेद उरत नाही. म्हणून चांगली यंत्रणा पडद्याचे तुकडे पाडून कोठे मजकूर आहे व कोठे चित्र हे ओळखते, आणि मजकुराचा तुकडा तंतोतंत धाडते. क्लायंटमधील ‘दर्जा’ नावाची पट्टी मागे ओढून वेग मिळविणाऱ्याने तो वेग कशाच्या मोबदल्यात मिळाला हे जाणून असावे.

तिसरा निर्णय या दोहोंच्या मधला. इटलीतील नोमशीन या कंपनीने २००३ च्या सुमारास ‘एनएक्स’ तंत्र पुढे आणले. त्यात एक्सचे हुकूम तसेच ठेवले होते. पण दूरच्या यंत्रात, आज्ञावलीच्या अगदी शेजारी, एक प्रतिनिधी बसविला होता. ज्याप्रमाणे लहानसहान अर्जांचा निकाल तहसील कचेरीतच लागतो आणि केवळ महत्त्वाची प्रकरणे जिल्ह्याच्या ठिकाणी जातात, त्याप्रमाणे हा प्रतिनिधी आज्ञावलीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी देतो, आणि जे खरोखर पडद्यावर दिसावयाचे आहे तेवढेच तारेवर घालतो; तेही आधी धाडलेल्या हुकुमांशी ताडून, फरक तेवढा कळवून. त्या कंपनीने या तंत्राचा गाभा मुक्त परवान्याखाली दिला होता. पुढची आवृत्ती तिने बंदिस्त केली तरी आधीचा गाभा समाजाच्या हाती राहिला, आणि त्यावर जर्मनीत ‘एक्सटूगो’ हा प्रकल्प उभा राहिला. अनेक प्रणालींवर चालणारा क्लायंट कसा बांधावा याचे हे एक बोधप्रद उदाहरण आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू.

एक्सटूगोचा क्लायंट ‘क्यूटी’ या संचाच्या आधारे सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे. क्यूटीची कामगिरी अशी, की बटणे, याद्या, खिडक्या हे सारे एकदाच लिहावे आणि तेच विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांवर चालावे. परंतु सारखेपणा येथेच संपतो. एक्सचे हुकूम प्रत्यक्ष रंगविणारी यंत्रणा पाहणाऱ्याच्या संगणकात असावी लागते. लिनक्समध्ये ती आयती मिळते, विंडोजमध्ये नसते, म्हणून क्लायंटबरोबर ‘व्हीसीएक्ससर्व्ह’ नावाची यंत्रणा बांधून द्यावी लागते, आणि मॅकच्या धन्याला ‘एक्सक्वार्ट्झ’ वेगळी बसवून घ्यावी लागते. यावरून या धंद्यातील एक ठाम नियम दिसून येतो: सर्व प्रणालींवर चालणारी आज्ञावली म्हणजे सर्वत्र एकसारखी आज्ञावली नव्हे. तिचा गाभा एक असतो, आणि प्रत्येक प्रणालीसाठी एक पातळ, स्वतंत्र आवरण असते. संभाषणाचे नियम, संपीडन, गुप्तता व जोडणी गाभ्यात. खिडकी, कळफलक, ध्वनी, छपाई व नकलपट्टी (क्लिपबोर्ड) आवरणात. गाभा आणि आवरण यांच्यामधली सीमा सुरुवातीसच स्वच्छ आखली नाही, तर पुढे प्रत्येक दुरुस्ती तीन-तीन ठिकाणी करावी लागते आणि तिन्ही ठिकाणी ती निरनिराळी होते.

या नियमाचे दुसरे उदाहरण ‘फ्रीआरडीपी’चे. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये आपल्या विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर ‘आरडीपी’ ही पद्धत आणली. लिनक्सकरांनी तिच्यासाठी प्रथम ‘आरडेस्कटॉप’ हा क्लायंट लिहिला, आणि २००९ मध्ये त्यातून फ्रीआरडीपी निघाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो मुळात इतर आज्ञावलींना वापरता येईल असा गाभा आहे आणि ‘रेमिना’सारखे क्लायंट त्याच्यावर आपापली दर्शनी बाजू चढवितात. विंडोजसाठी जन्मलेली ही पद्धत आज लिनक्सच्याच दूरस्थ डेस्कटॉपची मुख्य वाट होऊ पाहत आहे, हा काळाचा एक चमत्कारिक न्याय आहे; आणि त्याचे कारण एक्सच्या अस्तात सापडते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’ या नव्या रचनेने चित्राच्या आज्ञा तारेवरून धाडण्याची कल्पनाच सोडून दिली. तेथे प्रत्येक आज्ञावली आपले चित्र आपणच पूर्ण करते. मग दूर धाडण्यासाठी बिंदूच उरतात, आणि बिंदू धाडायचे तर चलच्चित्रांसाठी सुधारत आलेले संपीडन वापरणारी प्रगत पद्धत बरी, असा विचार झाला. ग्नोम या डेस्कटॉपाने मार्च २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत आरडीपी स्वीकारली, आणि मार्च २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीत, यंत्रासमोर कोणीही बसलेले नसताना दुरूनच प्रवेश करण्याची सोय दिली. चाळीस वर्षांत साखळीची तूट आज्ञेपासून बिंदूंपर्यंत सरकली ती अशी.

येथवर पडद्याकडे येणाऱ्या प्रवाहाचा विचार झाला. उलट दिशेने जाणारा प्रवाह, म्हणजे कळफलकाचा, आकाराने क्षुद्र असतो. परंतु मराठी लिहिणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते. प्रश्न पुन्हा वाटणीचाच आहे: कळीचे अक्षर कोठे व्हावे, इकडे की तिकडे?

आरडीपी सामान्यतः कळीचे स्थान कळविते. ‘तिसऱ्या ओळीतील अमुक कळ दाबली’ एवढेच तिकडे पोहोचते, आणि तिचा अर्थ लावणे दूरच्या यंत्राच्या कळनकाशावर अवलंबून राहते. व्हीएनसी त्याऐवजी अक्षराचे चिन्ह कळविते: एक्सच्या संकेतानुसार युनिकोड क्रमांकात एक ठरीव संख्या मिळवायची, म्हणून षोडशमान पद्धतीत ०९१५ क्रमांकाचा ‘क’ तारेवर १०००९१५ होऊन जातो. पहिल्या पद्धतीत चिखलीच्या संगणकावर मराठी कळफलक निवडलेला असूनही पुण्याच्या यंत्रात इंग्रजी नकाशा असेल, तर ‘क’ दाबला असता इंग्रजी ‘के’ उमटते. दुसऱ्या पद्धतीत अक्षर बरोबर पोहोचते. पण दूरच्या यंत्राच्या नकाशात त्या अक्षराची कळच नसेल, तर तेथील सर्व्हरला, म्हणजे क्लायंटशी बोलणाऱ्या दूरच्या आज्ञावलीला, एखादी रिकामी कळ शोधून, क्षणभर तिच्यावर ते अक्षर चढवून, मग ती दाबल्याचे सोंग करावे लागते.

याहून बारीक अडचण इन्स्क्रिप्टची आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये ठरलेला आणि पुढे भारतीय मानक १३१९४ : १९९१ मध्ये समाविष्ट झालेला हा कळफलक सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना समान आहे, डाव्या हाती स्वर, उजव्या हाती व्यंजने. त्यात शिफ्ट धरून सात आकड्याची कळ दाबली की ‘क्ष’ येतो, म्हणजे एका दाबाला ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तीन चिन्हे निघतात. विंडोजमध्ये हे सहज होते. एक्सच्या रूढ कळनकाशात मात्र एका दाबाला एकच चिन्ह, हा जुना करार आहे, आणि म्हणून लिनक्समध्ये ही कामगिरी ‘आयबस’सारख्या वेगळ्या निवेश-यंत्रणेकडे सोपवावी लागते. ज्या क्लायंटच्या कर्त्याने ‘एक दाब, एक चिन्ह’ असे गृहीत धरून आपली आज्ञावली लिहिली, तिच्या हातून ‘क्ष’ मधले एक-दोन संकेत वाटेत गळू शकतात. ‘र’ चेही तसेच. ‘वाऱ्यावर’ मधला चंद्रकोरीसारखा र कोणी ‘ऱ’ पासून बनवितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. आणि न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून गाळणारी आज्ञावली या दुसऱ्या प्रकारच्या मजकुराची मोडतोड करते. अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनीवर तर भौतिक कळच नसते. तेथील मराठी कळफलक एकदम शब्दच हाती देतो, त्याला ‘दाबली’ आणि ‘सोडली’ अशा घटनाच नसतात. म्हणून शहाणा क्लायंट दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो: आज्ञांसाठी कळीचे स्थान, लेखनासाठी युनिकोडचा मजकूर, आणि वापरणाऱ्याला एवढेच विचारतो की मराठीची योजना आपण इकडे ठेवणार की तिकडे. दोन्हीकडे ठेवली तर अक्षरांचे धिंडवडे निघतात.

नकलपट्टीची कथा याहून बोलकी आहे. व्हीएनसीच्या मूळ नियमावलीत एका बाजूने नक्कल करून दुसऱ्या बाजूस चिकटविण्याच्या मजकुराला लॅटिन-१ या संचाचे, म्हणजे केवळ पश्चिम युरोपीय अक्षरांचे, बंधन होते. मराठी परिच्छेद उचलून पलीकडे ठेवावा तर तेथे प्रश्नचिन्हांची रांग उमटे. पुढे विस्तारित नकलपट्टीची पुरवणी आली आणि युनिकोडला वाट मिळाली, परंतु ती क्लायंट व सर्व्हर या दोघांनाही ठाऊक असावी लागते. त्यातच विंडोज मजकूर एका रीतीने साठविते व लिनक्स दुसऱ्या; ओळ कोठे संपली हे सांगण्याची चिन्हेही निराळी. हे भाषांतर आवरणाने गुपचूप करावयाचे असते.

उरलेल्या बाबींचा केवळ निर्देश पुरे. माऊसचा बाण पाहणाऱ्याच्याच यंत्रात रंगवावा, कारण तो जाऊन येऊन हलू लागला तर हात व डोळा यांचा मेळ तुटतो. मॅकची कमांड कळ आणि इतरांची कंट्रोल कळ यांची अदलाबदल करता यावी. पडद्याचे प्रमाण दीडपट असलेल्या संगणकावर अक्षरे ताणून पुसट न करता दूरच्या डेस्कटॉपालाच खरे माप कळवावे. छपाई दूर होऊन कागद पुण्यात पडता कामा नये.

बंदोबस्ताविषयी मात्र दोन शब्द अधिक हवेत. व्हीएनसीच्या मूळ परवलीच्या शब्दाची केवळ पहिली आठ अक्षरे मोजली जातात, आणि त्यानंतरचे सारे संभाषण उघड्यावर चालते. म्हणून त्याचे द्वार थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे अनर्थाला निमंत्रण होय. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या एसएसएच या पद्धतीने गुप्त बोगदा काढावा आणि सारी वाहतूक त्यातून न्यावी, हा सर्वमान्य मार्ग आहे. एक्सटूगोने तर तो आपल्या रचनेतच अनिवार्य केला. प्रथम जोडताना दूरच्या यंत्राची ओळखमुद्रा समोर येते, ती न वाचता ‘होय’ म्हणण्याची सवय वापरणाऱ्याला लागते. आणि ती मुद्रा पुढे अकस्मात बदलली तर क्लायंटने जोडणी थांबवून स्पष्ट शब्दांत सावध केले पाहिजे, हे कर्त्याचे कर्तव्य ठरते.

आणि विजेचे काय? भारनियमन ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशा गावांना दूरस्थ डेस्कटॉपचा एक गुण विशेष उपयोगी पडतो. वीज गेली, घरातील राउटर बंद पडला, तरी पुण्यातील यंत्रात चाललेली खिडकी बंद पडत नाही. गणित चालू राहते, अर्धा लिहिलेला परिच्छेद अर्धाच जपला जातो, आणि पुन्हा जोडले की सारे सोडले तेथेच सापडते. परंतु हे आपोआप घडत नाही. साध्या एक्समध्ये तार तुटली की आज्ञावलीही मरते. एनएक्सचा प्रतिनिधी किंवा व्हीएनसीचा आभासी पडदा मध्ये असतो म्हणून ती वाचते. क्लायंटचे काम असे, की तुटलेली जोडणी त्वरित ओळखावी, आपली खिडकी गोठवून न ठेवता तसे सांगावे, आणि परतल्यावर नवे सत्र न उघडता जुनेच हाती द्यावे. अखंड विजेच्या शहरात ही सोय शोभेची वाटेल. चिखलीत तिच्यावरूनच क्लायंटची परीक्षा होते.

या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. साखळी कोठे तोडायची, याचे बहुतेक निर्णय अशा लोकांनी केले, की ज्यांच्या लिपीत एका कळीला एक अक्षर होते, ज्यांची तार रुंद होती आणि वीज न जाणारी होती. त्यांत दुष्टावा नव्हता. ज्याला जी अडचण येत नाही, ती त्याला दिसत नाही, एवढेच. ती दिसते ज्याला येते त्याला, आणि म्हणून ती दूर करण्याचा पहिला अधिकार व पहिली जबाबदारीही त्याचीच. एक्सटूगो, फ्रीआरडीपी, रेमिना आणि व्हीएनसी पद्धतीचा टायगरव्हीएनसी यांची मूळ संहिता (सोर्स कोड) कोणालाही वाचण्यास व बदलण्यास मोकळी आहे. त्यांची परीक्षा घेण्यास महासंगणकही लागत नाही: एकाच खोलीत दोन जुने संगणक पुरतात, एकावर विंडोज व दुसऱ्यावर लिनक्स, आणि लिनक्सच्या गाभ्यातच असलेली ‘नेटएम’ ही सोय वापरून त्यांच्यामधील तारेवर हवा तितका, दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा, विलंब कृत्रिम रीतीने घालता येतो. मग शिफ्ट धरून सात दाबावे, ‘वाऱ्यावर’ लिहावे, मराठी परिच्छेद इकडून तिकडे चिकटवावा, राउटरची वीज काढून पुन्हा लावावी, आणि जे बिघडले त्याची आवृत्ती, कळफलक, दाबलेली कळ, अपेक्षित अक्षर व उमटलेले अक्षर अशा तपशिलासह नोंद करून ती कर्त्यांकडे लेखी धाडावी. अशा एका नेमक्या टिपणाने क्लायंटमध्ये जी सुधारणा होते, ती चिखलीपुरती राहत नाही. बंगाली, तमिळ, नेपाळी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती लाभते. महासंगणक पुण्यात बसतो हे खरे. पण त्याच्याशी मराठीत नीट बोलता येईल की नाही, हे ठरविण्याचे काम तालुक्याच्या गावी बसून करता येते, आणि ते तेथेच अधिक चांगले होईल.